शून्यामागच्या नऊ जागा

सोमवार, ४ ऑगस्ट १९८६. सकाळी साडेदहा.

हजर: पुण्याहून आलेले प्रशिक्षक. मी, अभिलेख शाखा. भांडार शाखेतले काका. खापा शाखेतल्या बाई.

गैरहजर: लेखा शाखेचा उमेदवार, लग्नाची रजा.

माझ्या पहिल्या वहीच्या पहिल्या पानावर ही नोंद आहे. लेखा शाखेचा उमेदवार लग्नानंतरही आला नाही, त्यामुळे हजेरी शेवटपर्यंत एवढीच राहिली. तीन विद्यार्थी, एक प्रशिक्षक आणि काचेपलीकडे नवीन मशीन.

शेतकऱ्यांना बियाणं आणि खत पुरवणाऱ्या एका सहकारी संघाच्या नागपूरच्या मुख्य कार्यालयात मी नोकरी करते. त्या वर्षी संघाने कॉम्प्युटर घेतला. सभासदांची सगळी माहिती त्यात भरायची, आणि ती सांभाळायला एक डेटाबेस व्यवस्थापक नेमायचा असं ठरलं. मशीन विकणारी कंपनी तीन महिने शिकवणार, शेवटी परीक्षा घेणार आणि प्रमाणपत्र देणार. एक लेखी, एक प्रात्यक्षिक. दोन्ही मिळून ज्याचे गुण जास्त, त्याला ती जागा.

जागा एकच होती. बाकीच्यांनी आपापल्या शाखेत परत जायचं. काकांना परत जायला भांडार होतं, बाईंना खापा गावातली शाखा होती. मला मात्र परत जायला काही उरणार नव्हतं. माहिती मशीनमध्ये गेली की अभिलेख शाखा बंद होणार होती, आणि नोंदवह्या गोदामात. माझं वय बेचाळीस होतं. अठरा वर्षं मी त्या नोंदवह्यांमध्ये काढली होती. परीक्षा हुकली तर आवक-जावकच्या टेबलावर बसून पाकिटांवर शिक्के मारायचे, हे साहेबांनी मला आधीच आणि चांगल्या शब्दांत सांगून ठेवलं होतं.

नोंदवह्यांबद्दल थोडं सांगायला हवं, कारण पुढचं सगळं त्यांच्यावरूनच घडलं.

मी १९६८ साली रुजू झाले तेव्हा सभासदांचे क्रमांक ओळीने दिलेले होते. एक, दोन, तीन. शेतकरी वारला किंवा हयातीतच वाटणी झाली की त्याची मुलं वेगळी सभासद व्हायची, आणि त्यांना शेवटचे क्रमांक मिळायचे. बाप पहिल्या वहीत, थोरला सातव्या वहीत, धाकटा अकराव्या वहीत. एका घराचा हिशोब लावायला तीन वह्या उपसाव्या लागत. मी सहा महिने हे पाहिलं आणि एक टिपण लिहून वर पाठवलं. प्रत्येक शेतकऱ्याचा क्रमांक शून्याने संपवावा. त्याच्यामागच्या नऊ जागा त्याच्या मुलग्यांसाठी राखून ठेवाव्यात. बाप ४१२३०, तर मुलगे ४१२३१, ४१२३२. सगळं घर एका पानावर.

तेव्हाचे व्यवस्थापक टिपण वाचून स्वतः माझ्या टेबलापाशी आले होते. सगळ्या शाखांना परिपत्रक गेलं आणि दीड वर्षात सगळे क्रमांक बदलले. पुढे माझ्या हाताखाली जो कोणी आला त्याला मी पहिल्या दिवशी ही पद्धत समजावून सांगत असे, आणि ती कोणाची हेही सांगत असे.

आता वर्गाबद्दल.

मशीनच्या खोलीत चपला बाहेर काढून जायचं, आणि आत एसी इतका गार की काका ऑगस्टमध्ये मफलर गुंडाळून बसत. मी पाच वह्या आणल्या होत्या. जरीपटक्याच्या बाजारात घाऊक भावाने घेतलेल्या, खाकी कव्हर घातलेल्या, विषयवार. निळ्या शाईने व्याख्या, लाल शाईने इशारे, हिरव्याने प्रशिक्षकांनी दोनदा सांगितलेलं. पहिल्या दिवशी प्रशिक्षकांनी त्या उचलून पाहिल्या आणि म्हणाले, "ह्या मला जाताना पुण्याला न्यायला द्या." मला बरं वाटलं. ते बरं वाटणं तीन दिवस टिकलं.

खाप्याच्या बाई पस्तिशीच्या होत्या. समोर मी त्यांना अहो-जाहो करत असे; वहीत आणि मनात मात्र ती 'ती' होती, तेव्हा इथेही तसंच लिहिते. रोज सकाळची एसटी धरून यायची, सावनेरवरून दीड-दोन तास. वही नव्हतीच. प्रिंटरच्या लांब कागदाच्या दोन्ही कडांना भोकाभोकांच्या पट्ट्या असतात, त्या फाडून कचऱ्यात जातात. ती त्यातली एक पट्टी उचलायची, तिच्यावर पाच-सहा शब्द लिहायची आणि पदराच्या टोकाला गाठीत बांधायची. एसटीत गाठ सोडून वाचायची. पाठ झालं की पट्टी खिडकीबाहेर.

चौथ्या दिवशी प्रशिक्षकांनी नोंदी साठवण्याची पद्धत शिकवली. समजा हजार खण आहेत. सभासद क्रमांकाला हजाराने भागायचं, आणि जी बाकी उरेल त्या आकड्याच्या खणात नोंद टाकायची. शोधतानाही तेच करायचं, म्हणजे मशीन सगळे खण धुंडाळत बसत नाही, थेट त्या खणाशी जातं. मी हे सगळं निळ्या शाईत उतरवत होते. तिने पट्टीही उचलली नाही. म्हणाली, "म्हणजे शेवटचे तीन आकडे पाहाचे न जी, भागाकार कायले करता?"

प्रशिक्षक हसले. खरोखर हसले, खडू खाली ठेवून. मग म्हणाले, बरोबर, हजाराने भागलं तर बाकी म्हणजे शेवटचे तीन आकडेच. मी लिहिलेला भागाकार अर्धा होता. तो पूर्ण करून मी खाली रेघ मारली.

त्या दिवशी तिसऱ्या वहीच्या शेवटच्या पानावर मी एक यादी सुरू केली. तिला मिळालेल्या गोष्टी. एक: हसू. दोन: टर्मिनलवर पहिली पाळी, काकांच्या आणि माझ्या आधी. तीन: "तुमच्या डोक्यात मशीन आहे" हे वाक्य. चार: एसटी चुकल्यावर अर्धा तास उशीर, एक शब्द न बोलता माफ. मी एकदा सात मिनिटं उशिरा आले तेव्हा प्रशिक्षकांनी घड्याळ पाहिलं होतं. सप्टेंबरच्या अखेरीस त्या यादीत एकोणतीस मुद्दे झाले होते. दोन मी नंतर खोडले, कारण ते काकांना मिळालेले निघाले.

हे मी लपवून ठेवत नाही. मला तिचा मत्सर वाटत होता, आणि तो नीट क्रमवार वाटत होता. ती माझा द्वेष करती तर सोयीचं झालं असतं. पण ती दुपारी माझ्याच शेजारी डबा उघडायची, अंबाडीची भाजी आणि ज्वारीची भाकर माझ्या झाकणात वाढायची, आणि माझ्या पोळीचा तुकडा न विचारता घ्यायची. म्हणायची, "बाई, तुमच्या पोया कशा सबन सारख्या येतात? मापून लाटता का?"

काका म्हणाले, "पोया नाही वं, त्या फॉर्म भरून राहिल्या."

मीसुद्धा हसले. ही कोटी त्यांनी तिच्यासाठी केली, हे यादीत सतरावं आहे.

घरी आम्ही सक्करदऱ्याला राहतो. पहाटे पाच ते सात माझा अभ्यास. यजमान दाढी करता करता माझी परीक्षा घेत. वही आरशाला टेकवलेली, एका हातात ब्रश. त्यांना विषयातलं काही कळत नव्हतं, पण उत्तर वहीतल्यासारखं शब्दशः आलं नाही की ते थांबवत. त्यामुळे माझं सगळं शब्दशः पाठ झालं. दिवाळीच्या फराळाची कामं मी सप्टेंबरमध्येच जावेला लिहून दिली, कुठल्या दिवशी काय आणि किती. जाऊ म्हणाली की परीक्षा तुमची आणि घाम आमचा. बरोबरच होतं ते.

ऑक्टोबरच्या सुरुवातीला सराव परीक्षा झाली. शंभरात मला एकोणऐंशी, तिला एक्याऐंशी, काकांना चाळीस. काका खूश होते. पेपर परत मिळाले तेव्हा तिने स्वतःचा दुमडून पदरात खोचला आणि माझा मागून घेतला. म्हणाली, माझं अक्षर पाहायचं होतं. पेपर वाचून झाल्यावर म्हणाली, "मले असं लिहिता आलं असतं तं!" मला हे टोमण्यासारखं लागलं. तो टोमणा नव्हता, हे मला तेव्हाही माहीत होतं.

शेवटचा महिना ट्यूनिंगचा. ट्यूनिंग म्हणजे मशीनचं काम हळू चालत असेल तर ते का हे शोधून वेग वाढवायचा. प्रशिक्षकांनी आम्हाला एकच प्रश्न दिला, आणि तोच प्रात्यक्षिकात येणार हेही सांगून टाकलं. आमचीच सभासदांची माहिती मशीनमध्ये भरली होती. एका तालुक्याची यादी काढायला पाऊण तास लागत होता. लागायला हवी होती पाच-सात मिनिटं. प्रत्येकाने आपापलं कारण शोधायचं आणि परीक्षेत बाहेरच्या परीक्षकांसमोर कारण आणि उपाय दोन्ही सांगायचे.

मी प्रशिक्षकांच्या सगळ्या व्याख्यानांमधून बावीस मुद्द्यांची तपासणी-यादी तयार केली. मशीनला किती मेमरी दिली आहे, एका वेळी किती नोंदी उचलल्या जातात, डिस्कवर जागा तुटक-तुटक झाली आहे का, वगैरे. प्रशिक्षकांनी त्या यादीची प्रत मागून घेतली. पुढच्या गावच्या वर्गाला वाटणार म्हणाले. मी रोज दोन-तीन मुद्दे तपासून टिक मारत गेले. बावीसही मुद्द्यांवर टिक झाली तेव्हा पाऊण तासाची अडतीस मिनिटं झाली होती. पुढे काही हलेना. मी यादी पुन्हा पहिल्यापासून तपासली. पुन्हा अडतीस.

दिवाळीआधीच्या मंगळवारची गोष्ट. काका दवाखान्यात गेले होते, प्रशिक्षक साहेबांकडे. आम्ही दोघीच डबे उघडून बसलो होतो. तिच्या मांडीवर एक लांब प्रिंटआउट होता: कुठल्या खणात किती नोंदी आहेत याची नुसती आकड्यांची रांग. तो कागद मीही काढला होता. माझ्या यादीत तो अकरावा मुद्दा होता, 'खणांचा अहवाल काढणे'. काढला, टिक मारली.

ती म्हणाली, "बाई, हे पाह्यलं का तुम्ही? दहा खणांतला एकच भरला आहे. अन् तो इतका भरला का बाहीर सांडून राहिला. बाकीचे नऊ जवळजवळ खालीच."

मी कागद पाहिला. शून्य, दहा, वीस, तीस. दर दहावा खण फुगलेला, मधले नऊ जवळपास मोकळे.

"तुमचेच नंबर आहेत न जी हे," ती म्हणाली. "शून्यावाले. बाप सारे शून्यावर. मंग मशीनबी त्यायले शून्याच्याच खणात कोंबन. दुसरं काय करन ते?"

क्रमांकाचे शेवटचे तीन आकडे म्हणजे खण, हे तीन महिने माझ्या वहीत होतं. बापांचे सगळे क्रमांक शून्याने संपतात, हे अठरा वर्षं माझं होतं. दोन्ही शेजारी ठेवून पाहायचं मला सुचलं नव्हतं, आणि तिने ते भाकर खाता खाता पाहिलं होतं. हजारातले शंभर खण भरून वाहत होते, मशीन त्या सांडलेल्या ढिगाऱ्यात एकेक नोंद शोधत होतं, आणि तो ढिगारा माझ्या पद्धतीने झाला होता.

मी विचारलं, प्रशिक्षकांना सांगितलं का? तर म्हणाली, नाही. मला वाटलं तुम्हाला माहीतच असेल, तुमचेच नंबर आहेत. म्हणून आधी तुम्हाला विचारलं.

मग तिने आणखी एक गोष्ट सांगितली. प्रिंटआउट गुंडाळताना, सहज.

"माह्या बापाचाच नंबर पाहा न. एक्केचाळीस हजार दोनशे तीस. मोठा भाऊ एकतीस, लहाना बत्तीस. मी तिसरी. बाप गेला तवा सातबाऱ्यावर माहं नाव चढलं, दीड एकर. सभासदाचा फॉर्म भरला, तं खाप्याचा बाबू म्हणे, मागच्या जागा पोट्ट्यायच्या आहेत, परिपत्रकात लिहिलं आहे. तेहतीस नंबर तसाच खाली आहे. चार वर्सं झाले."

परिपत्रक माझ्याच टिपणावरून निघालं होतं. 'मुलग्यांसाठी' हा शब्द माझा होता. लिहिताना मुलींचा विचार करून मी त्यांना वगळलं असंही नाही. माझ्यासमोर ज्या वाटण्यांचे कागद आले त्यांत मुलगेच होते, म्हणून मी मुलगे लिहिलं. मी स्वतः तेव्हा चोवीस वर्षांची मुलगी होते.

तिला मी म्हटलं, बघते. ती म्हणाली, पाहा. आणि आम्ही डबे धुवायला गेलो.

त्या दुपारी मी वह्या उघडल्या. कारण कळलं होतं, उपाय हवा होता. दुसऱ्या वहीत एकतिसाव्या पानावर तो निळ्या शाईत होता. प्रशिक्षक जाता जाता म्हणाले होते, "भागायची संख्या शक्यतो अविभाज्य घ्यावी." तपासणी-यादीत मी ते घेतलं नव्हतं. 'शक्यतो' असं म्हणून सांगितलेल्या गोष्टी मी यादीत घेत नसे. यादीत नक्की करायच्या गोष्टी असतात. हजाराऐवजी नऊशे सत्त्याण्णवने भागून पाहिलं. शून्याने संपणारे क्रमांक सगळीकडे पसरले. तालुक्याची यादी सहा मिनिटांत आली. प्रिंटर थांबला तेव्हा खोलीत मी एकटीच होते.

म्हणजे कारण तिने शोधलं आणि उपाय मी. हे मी त्या संध्याकाळी घरी जाताना स्वतःला सांगितलं, आणि परीक्षेपर्यंत रोज सांगितलं. तिला उपाय सांगितला नाही. तिने विचारलाही नाही.

शनिवार, ८ नोव्हेंबर. परीक्षा. लेखी आदल्या दिवशी होऊन गेली होती, त्यात ती माझ्यापेक्षा दोन गुणांनी पुढे होती. प्रात्यक्षिक मुख्य हॉलमध्ये, सगळ्यांसमोर. बाहेरचे परीक्षक मुंबईचे, टाय लावलेले. शेजारी आमचे प्रशिक्षक आणि साहेब. बाकावर काका, मी, ती. क्रम सेवाज्येष्ठतेने. काकांनी मशीनला विश्रांती द्यावी असं सुचवलं आणि सगळे हसले. मग मी.

मी कारण सांगितलं. बहुतेक क्रमांक शून्याने संपतात, त्यामुळे दहातला एकच खण वापरला जातो. उपाय सांगितला, आणि सहा मिनिटांत यादी काढून दाखवली. परीक्षकांनी टायची गाठ सैल केली आणि साहेबांकडे पाहून मान हलवली. मी पुढे एवढंही म्हणाले की क्रमांकांची ही पद्धत माझीच, त्यामुळे दोष लक्षात यायला वेळ लागला. त्यावर साहेब म्हणाले, स्वतःची चूक स्वतः शोधणारी माणसं किती असतात? मी बाकावर येऊन बसले.

मग तिला बोलावलं. तिनेही तेच कारण सांगितलं. दुसरं ती काय सांगणार होती? उपाय मात्र वेगळा सांगितला. शेवटचा आकडा सोडून द्यायचा आणि त्याच्या आधीचे तीन आकडे घ्यायचे. म्हणजे बाप आणि त्याची मुलं एकाच खणात राहतील, कारण शेतकरी खिडकीवर आला की साऱ्या घराचं विचारतो, एकट्याचं नाही.

परीक्षकांनी तो उपाय पुरता ऐकलाच नाही असं मला वाटतं. त्यांनी विचारलं, "हे शून्याचं तुम्हाला कधी कळलं? आत्ता यांनी सांगितलं तेव्हा?"

तिने मागे वळून माझ्याकडे पाहिलं. रागाने नाही. पुढचं मी बोलेन अशी वाट पाहत होती. माझ्या मांडीवर तिसरी वही होती. मी ती उघडली आणि काहीतरी शोधत असल्यासारखं पान उलटलं. दोन पानं उलटून झाली तेव्हा तिचा आवाज ऐकू आला.

"एकाच जागी बसत होतो, साहेब."

परीक्षकांनी कागदावर काहीतरी लिहिलं.

प्रात्यक्षिकात पन्नासपैकी मला शेहेचाळीस मिळाले, तिला एकतीस. जागा मला मिळाली. प्रशिक्षक पुण्याला जायला निघाले तेव्हा तपासणी-यादी हातात घेऊन त्यांनी विचारलं, "शून्याचं नेमकं कधी लक्षात आलं तुमच्या?" मी म्हणाले, दिवाळीआधीच्या मंगळवारी. वार बरोबर होता. त्यांनी पुढे काही विचारलं नाही, आणि वह्याही मागितल्या नाहीत.

निकालाच्या दिवशी ती पेढे घेऊन आली, माझ्यासाठी. चपला घालताना भिंतीला हात टेकून म्हणाली, "आता मशीन तुमच्याच हातात आहे बाई. माहा तेवढा तेहतीस नंबर चढवून द्या न." फॉर्म तिने आणलाच होता, तिच्या सहीचा, सातबाऱ्याच्या नकलेसकट. मी घेतला. मग ती एसटी धरायला गेली, आणि पदराच्या टोकाला त्या दिवशी गाठ नव्हती, एवढं मला आठवतं.

त्या वेळी मला पश्चात्ताप वाटायला हवा होता. वाटला तो मत्सरच. जागा गेल्याचं तिला काही वाटलं नाही, किंवा वाटलं तरी तिने मला दिसू दिलं नाही, आणि ते जे काही तिच्याजवळ होतं ते परीक्षा देऊन मला मिळण्यासारखं नव्हतं. यादीतला शेवटचा मुद्दा हाच आहे. तीस: पेढे.

ह्याला आता तीन वर्षं होत आली. आवक-जावकच्या टेबलावर दुसरी कोणी बसते. मी काचेच्या आत बसते, शाल घेऊन. गेल्या वर्षी सभासद वाढले आणि यादी पुन्हा रेंगाळू लागली. एका घराच्या नोंदी मशीनला चार खणांतून गोळा कराव्या लागत होत्या. मी तिचा उपाय लावून पाहिला. शेवटचा आकडा सोडला, घर एका खणात आणलं. खिडकीवरचं काम निम्म्या वेळात होऊ लागलं. बदलांच्या नोंदवहीत मी तारीख, वेळ आणि केलेला बदल लिहिला. 'कोणी सुचवला' असा एक रकाना त्या वहीत आहे. तो मीच आखला आहे. तिथे आडवी रेघ आहे.

तिच्या फॉर्मचं काम तसं सोपं आहे. परिपत्रकातला 'मुलग्यांसाठी' हा शब्द काढून 'वारसांसाठी' घालायचा प्रस्ताव करायचा. तो माझ्याच सहीने जातो. साहेब असल्या कागदावर न वाचता सही करतात. मग टर्मिनलवर एक नोंद. सगळं मिळून अर्ध्या दिवसाचं काम. मात्र प्रस्तावात हा प्रश्न कोणी आणि कधी निदर्शनास आणला हे लिहावं लागतं, आणि सही पडताळायला खाप्याला जाऊन तिच्यासमोर बसावं लागतं.

दर पहिल्या तारखेला मी महिन्याच्या कामांची यादी करते. मागच्या महिन्याची उरलेली कामं आधी उतरवून घेते. आजच्या यादीत अशी चार होती. टेप बदलणे, झालं. एसीवाल्याला पत्र, झालं. काकांच्या निरोप समारंभासाठी घड्याळ आणणे, दुपारी झालं.

चौथं: ४१२३३, खापा. प्रस्ताव, सही, नोंद.

फॉर्म डाव्या खणात आहे.